एक तोळ्याची गोळी

दिवाळी अंकात दारूविषयी लिहायचेच झाले, तर ते भुईनळ्याच्या आणि फुलबाजीच्या दारूविषयी लिहावे, असा शिष्टसंमत रिवाज आहे. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मास्तराने बंदुकीच्या काडतुसांवर लेख लिहायला घेतला आहे, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप हवेतल्या हवेत थांबले. "तुम्ही आणि काडतुसे?" असे एका सहकाऱ्यांनी विचारलेही. त्यांचे आश्चर्य खोटे नव्हते. मी आयुष्यात एकदाही बंदुकीचा चाप ओढलेला नाही, आणि पुढे ओढण्याची इच्छाही नाही. पण काडतूस विचारपूर्वक निवडणे म्हणजे काय, हे मी एका जाणत्या माणसाच्या शेजारी बसून तीन दिवस पाहिले; आणि ते न निवडल्याने काय होते, हे फार पूर्वी, लहानपणी, आमच्याच घरात पाहिले होते. या दोन गोष्टी मनात एकमेकींना भेटल्या, म्हणून हा लेख.

२०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. माझा धाकटा भाऊ टेक्सस संस्थानात ऑस्टिन शहरी नोकरीला आहे. "दादा, या दिवाळीला तू इकडे ये," असा त्याचा दोन वर्षांचा धोशा होता. सुट्टी होती, गेलो. तिथे गेल्यावर कळले की आपली दिवाळी आणि त्यांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम ही दोन्ही एकाच सुमाराला येतात. टेक्ससात नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हा हंगाम उघडतो, आणि मग पेट्रोल पंपावरच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत दुसरा विषय नसतो. भावाच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची लॅनो परगण्यात गुराढोरांची मोठी जमीन आहे. हे लॅनो गाव स्वतःला टेक्ससमधील हरणांची राजधानी म्हणवते. भाऊबीज झाली, आणि आम्ही दोघे तीन दिवसांसाठी तिकडे पाहुणे म्हणून गेलो.

यजमान पंचाहत्तरीच्या पुढचे, उंच, काटक, मितभाषी. तिथे लहानथोर सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला काही ते जमेना. मी त्यांना 'सर' म्हणू लागलो. टेक्ससात वडीलधाऱ्यांना 'सर' म्हणण्याची चाल अजून आहे, त्यामुळे माझे निभावले. या लेखात मी त्यांना म्हातारेबुवा म्हणतो; त्यांना ते कळणार नाही, आणि कळले तरी रुचेल.

पहिल्याच दिवशी ते आम्हाला गावातल्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसले, एक भली मोठी वखारच. एका भिंतीला जमिनीपासून डोक्यापर्यंत काडतुसांच्या वीस-वीसच्या पेट्या रचलेल्या. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात बायकांची जी अवस्था होते, ती तिथे पुरुषांची झालेली दिसली. आमच्या पुढे विशीतला एक तरुण उभा होता. नवी रायफल घेतलेली, चेहऱ्यावर तेज. त्याने दुकानदाराला सांगितले, "सगळ्यात जोरदार असतील ती द्या." दुकानदाराने पेटीला हात लावला नाही. त्याने विचारले, "काय मारायचे आहे?" तरुण म्हणाला, "डुकरे, हरणे, कायोटी... जे येईल ते." दुकानदाराने आमच्या म्हाताऱ्याबुवांकडे पाहिले, आणि दोघेही हसले. त्या हसण्याचा अर्थ समजायला मला पुढचे दोन दिवस लागले.

आधी दोन शब्द काडतुसाविषयी. हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला; बटाटा, पाव, साबण या मंडळींबरोबर तोही मराठीत आला. बोलताना आपण गोळी आणि काडतूस एकच समजतो. पण गोळी हा काडतुसाचा एक भाग. पितळेची एक पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, टोपीने दारू पेटते, आणि गोळी एकटी पुढे जाते. बाकी सगळे मागे राहते.

काडतुसांच्या नावांना मात्र काही व्याकरण नाही. .२४३ किंवा .३०८ हे गोळीच्या जाडीचे माप, इंचात. पण .३०-३० मधले दुसरे तीस हे दारूचे वजन, आणि .३०-०६ मधले सहा म्हणजे १९०६ साल. शेवटी विंचेस्टर, रेमिंग्टन अशी कारखान्यांची आडनावे. पाणिनी त्या भिंतीसमोर उभा राहता तर मुकाट्याने परत फिरता.

पेटीवर आणखी एक आकडा असतो : ५५ ग्रेन, १०० ग्रेन, १५० ग्रेन, १८० ग्रेन. हे गोळीचे वजन. एका पौंडात ७००० ग्रेन. मी हिशेब करीत होतो आणि एकदम थबकलो. १८० ग्रेन म्हणजे आपला जुना तोळा! १८३५ साली कंपनी सरकारने पाडलेला चांदीचा रुपया वजनाला बरोबर १८० ग्रेन होता, आणि तोच तोळा. बारा मासे, शहाण्णव गुंजा. आमच्या आजीच्या पाटल्या ज्या मापाने तोलल्या, त्याच मापाने टेक्ससच्या त्या दुकानात शिसे तोलले जात होते. म्हाताऱ्याबुवांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ती १८० ग्रेनची पेटी हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे प्रत्येक बाराला एक नाणे. मग तर विचार करूनच खर्च करायला हवे."

तो विचार कसा करायचा, ते त्यांनी संध्याकाळी ओसरीत बसून सांगितले. टेबलावर त्यांनी तीन काडतुसे उभी केली.

पहिले सगळ्यांत लहान, .२२३ चे. गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे चार माशांनाही थोडी कमी. पण वेग सेकंदाला ३२०० फुटांच्या आसपास, आवाजाच्या जवळजवळ तिप्पट. हे कायोटीसाठी. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा आणि लांडग्याचा मधला भाऊ समजावा. नाव मूळचे मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतले, स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेले. वजन दहापासून अठरा किलोपर्यंत. वासरांवर, कोकरांवर त्याचा डोळा असतो. अंग सडपातळ, कातडे पातळ, आणि उभा राहतो तो दूर, उघड्या माळावर. त्याला हलकी, वेगवान आणि आत शिरताच चुरा होणारी गोळी लागते. गोळीची सगळी ताकद त्या लहानशा देहात खर्ची पडते आणि जनावर जागीच संपते. कातडे विकणाऱ्यालाही हीच गोळी सोयीची, कारण पलीकडच्या बाजूला भोक पडत नाही, निदान मोठे पडत नाही.

दुसरे .३०८ चे, गोळी १५० ग्रेनची, दहा मासे. हे पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी. लॅनोच्या डोंगराळ भागातली ही हरणे अंगाने लहानच. नर जिवंतपणी साधारण पन्नास-साठ किलोचा. हरणाचे काळीज आणि फुफ्फुसे पुढच्या पायाच्या किंचित मागे, ताटलीएवढ्या जागेत असतात. गोळीने कातडे आणि बरगडी ओलांडून तिथपर्यंत जायचे, तिथे फुलायचे, आणि शक्य तर पलीकडे बाहेर पडायचे. ती वरच्यावर फुटली तर मांसात नुसता खड्डा पडतो आणि हरीण पळते. ती मुळीच फुलली नाही तर सुईसारखी आरपार जाते, आणि तरीही हरीण पळतेच. म्हणून हरणासाठी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, मऊ तोंडाची गोळी घेतात. कोलोरॅडो संस्थानात तर कायदाच आहे : हरणासाठी गोळीची जाडी निदान .२४ इंच हवी, वजन निदान ७० ग्रेन हवे, शंभर वारांवर ठरावीक जोर हवा, आणि गोळी फुलणारीच हवी. टेक्ससचा कायदा सैल आहे. तिथे .२२३ नेही हरीण मारता येते. "कायद्याने येते," म्हातारेबुवा म्हणाले, "पण कायदा काही रक्ताचा माग काढायला येत नाही."

तिसरे पुन्हा .३०८ चेच, पण गोळी १८० ग्रेनची. आमचा एक तोळा. हे डुकरासाठी.

रानडुकरांची तिथली कथा सांगण्यासारखी आहे. डुक्कर हा अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो बरोबर आणला. सुटलेली डुकरे रानटी झाली. पुढे १९३० च्या सुमारास शिकारीच्या हौसेसाठी टेक्ससात युरोपातली रानडुकरे आणून सोडली, आणि दोन्हींची सरमिसळ झाली. आज एकट्या टेक्ससात त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. मादी वर्षाच्या आतही विऊ शकते, एका वेतात चार-सहा पिले सहज. एका रात्रीत कळप मक्याचे शेत नांगरल्यासारखे करून टाकतो. २०१९ च्या सप्टेंबरपासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. एवढे करून संख्या घटत नाही. दर वर्षी सुमारे दोनतृतीयांश डुकरे काढली तर वाढ थांबेल, असे तिथले जाणकार सांगतात. ते काम बंदुकीचे नव्हे, मोठमोठ्या पिंजऱ्यांचे.

डुकराचा देह हरणासारखा नसतो, आणि नेमकी इथेच नवखा फसतो. त्याचे काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे, दोन पायांच्या जवळजवळ मध्ये असते. हरणाचा नेम धरून डुकरावर बार टाकला तर तो पोटात बसतो. शिवाय थोराड नराच्या खांद्यावर कातड्याखाली कूर्चेसारखी चिवट ढाल असते, अंगठ्याएवढी जाड, क्वचित त्याहूनही अधिक. नर आपापसांत सुळ्यांनी झुंजतात, त्यासाठी निसर्गाने दिलेले हे चिलखत. त्यावर चिखलाचा थर. हलकी, चुरा होणारी गोळी या ढालीवर आपटून तिथेच संपते. आणि चरबी इतकी, की जखमेचे तोंड बुजून जाते. रक्त बाहेर ठिपकत नाही, माग लागत नाही. म्हणून डुकराला जड, घट्ट बांधणीची, तुकडे न होता खोल जाणारी गोळी पाहिजे.

बांधणी हा शब्द म्हातारेबुवा पुन्हा पुन्हा वापरत. नवखा माणूस जाडी पाहतो, फार तर वजन पाहतो. जुना माणूस गोळी कशी बांधली आहे ते पाहतो. याचे उदाहरण म्हणून त्यांनी जॉन नॉस्लर या गृहस्थाची हकीकत सांगितली. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात त्याने एका मूसवर, म्हणजे घोड्याएवढ्या प्रचंड सांबरावर, बार टाकले. रायफल दणकट होती, नेम बरोबर होता. पण मूसच्या अंगावर सुकलेल्या चिखलाचा थर होता, आणि गोळ्या खोल न जाता वरच्यावर फुटल्या. नॉस्लरने घरी येऊन गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची एक आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग फुलतो, भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसतो. १९४८ पासून ती गोळी बाजारात आहे. पुढे १९८० नंतरच्या काळात नुसत्या तांब्याच्या गोळ्याही निघाल्या. त्या फुलतात पण तुटत नाहीत, आणि त्यांत शिसे नसते. शिशाची बारीक कणी मांसात राहते, आणि रानात टाकलेल्या आतड्यांतून ती गिधाडांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांना तिची बाधा झाली, म्हणून त्या संस्थानाने १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली.

मी विचारले, "सैन्यात वापरतात ती गोळी का नाही? ती तर सगळ्यांत मजबूत." माझ्या समजुतीने हा बिनतोड प्रश्न होता. म्हातारेबुवा म्हणाले, "याचे उत्तर तुमच्या देशातून आलेले आहे."

आणि ते खरेच होते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९० नंतरच्या दशकात, वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत, .३०३ ची धातूने पूर्ण मढवलेली गोळी शत्रूच्या अंगातून आरपार जाते पण त्याला थांबवत नाही, अशी इंग्रजांची तक्रार होती. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे केले. ती अंगात शिरताच फुले. या 'दमदम' गोळीचा बोभाटा जगभर झाला, आणि १८९९ साली हेग येथे भरलेल्या परिषदेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा काढला. तेव्हापासून सैनिकाची गोळी संपूर्ण मढवलेली असते.

गंमत अशी की शिकारीत नेमके उलटे आहे. जी गोळी माणसावर चालवणे अमानुष ठरले, तीच जनावरावर चालवणे हा दयाधर्म समजला जातो; आणि सैन्याची 'सभ्य' गोळी हरणावर चालवायला अमेरिकेत अनेक ठिकाणी मनाई आहे. प्रथम मला हा दांभिकपणा वाटला. मग विचार केला तेव्हा कोडे उलगडले. युद्धात जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते, त्याच्यासाठी डॉक्टर असतो, इस्पितळ असते. त्याने जगावे अशी अपेक्षा असते. रानात जखमी झालेल्या जनावराला कोणी नसते. ते झुडपात शिरते आणि दिवसेंदिवस कुजत मरते. म्हणून तिथे अर्धवट जखम हाच सर्वांत मोठा अपराध.

आता दुकानातल्या त्या तरुणाकडे परत येऊ. त्याला एकाच पेटीत तीन जनावरे हवी होती. म्हाताऱ्याबुवांचे उत्तर मला फार आवडले. ते म्हणाले, "पेटी एकच घ्यायची असेल, तर जे सगळ्यांत चिवट जनावर समोर येण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी घ्यावी. डुकराच्या गोळीने कायोटी मेला तर फार तर कातडे फाटेल. ते नुकसान माझे. कायोटीच्या गोळीने डुकरावर बार टाकला तर ते नुकसान डुकराचे. चूक करायचीच, तर आपले नुकसान होईल अशी करावी."

याशिवाय त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, जोराच्या मागे लागू नये. बंदूक जितकी जोरदार, तितका खांद्याला धक्का अधिक. धक्क्याला माणूस भितो, चाप ओढताना डोळे मिटतो, आणि नेम हुकतो. सोसवेल अशा रायफलीने मारलेली मध्यम गोळी ही न सोसणाऱ्या रायफलीच्या मोठ्या गोळीपेक्षा बरी. दुसरी, काडतूस बदलले की नेम बदलतो. त्याच रायफलीतून १५० ग्रेनची गोळी एका ठिकाणी बसते, १८० ची दुसऱ्या ठिकाणी. म्हणून नवी पेटी घेतली की आधी कागदावर मारून पाहायचे, दुर्बीण जुळवून घ्यायची, आणि मगच रानात जायचे. "कागदाला दुखत नाही," ते म्हणाले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडे डुकरे आहेत का?" भावाने माझ्याकडे पाहिले. तो तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला अंधुक आठवते. मी सांगितले.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. घरात आजोबांच्या वेळची बारा बोअरची एकनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बंदुका बऱ्याच घरी असत, अजूनही आहेत; निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि मग परत आणायच्या. आमची बंदूक बहुधा आवाजापुरतीच होती. डुकरे भातात पडली की आप्पा, म्हणजे आमचे वडील, बांधावर जाऊन हवेत बार काढीत. १९९० चा आश्विन. भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडत होते. लागोपाठ चार रात्री डुकरांनी खाचरे लोळवली होती. पाचव्या रात्री कंदील घेऊन आप्पा राखणीला गेले. चांदण्यात मोठा नर बांधाखाली उभा दिसला, पंचवीस पावलांवर. चार रात्रींचा राग होता. आप्पांनी नळी खाली केली आणि बार टाकला.

नळीत होते चार नंबरचे काडतूस. पाखरांसाठीचे बारीक छर्रे, एकेक छर्रा जेमतेम एक-दीड गुंजेचा. हवेत काढायच्या बाराला कोणतेही काडतूस चालते, म्हणून घरात होते ते घातलेले. डुक्कर ओरडले आणि पऱ्याच्या गचपणात शिरले. सकाळी आप्पा आणि दोघेतिघे पाहून आले. रक्त नाही, माग नाही. लागले नसावे, असे म्हणून सगळे घरी आले.

चौथ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणारा गडी, आम्ही मुले त्याला भाऊ म्हणत असू, गवत कापायला पऱ्याकडे गेला. डुक्कर तिथेच होते. एक डोळा गेलेला, फरा सुजलेला, जखमेत अळ्या पडलेल्या. ते पळून गेले नाही, सरळ अंगावर आले. भाऊची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. डोलीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणला ते मी पाहिले आहे. त्याहून अधिक लिहीत नाही. भाऊ वाचला. पण पाय कायमचा अधू झाला, आणि पुन्हा त्याला चिखलात नांगर धरता आला नाही. पुढे तो असेपर्यंत आमच्या घरचे भात दर वर्षी त्याच्या घरी गेले. आप्पांनी बंदूक ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. त्या रात्रीविषयी ते घरात एक शब्द कधी बोलले नाहीत.

मी थांबलो. म्हातारेबुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रागाने बंदूक उचलली की काडतूस निवडायचे राहून जाते. हे माझ्याही हातून झालेले आहे." कोणते, केव्हा, हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच ते मला माचाणावर घेऊन गेले. चार खांबांवरची लाकडी खोली, तीन बाजूंना फटी. समोर ऐंशी वारांवर ठराविक वेळी मक्याचे दाणे विखुरणारे यंत्र. मी नुसता बघ्या. त्यांनी रायफलीत काडतुसे भरली, भरण्यापूर्वी प्रत्येक हातात फिरवून पाहिले. १८० ग्रेनची. उजाडले तसे एक हरणी पाडसाला घेऊन आली, दाणे टिपून गेली. त्यांनी बोटही हलवले नाही. मग डाव्या झाडीतून डुकरे आली. मी अकरा मोजली. मागून एक थोराड नर.

तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. बार नाही. मग आडवा झाला, पण त्याच्या पलीकडे एक मादी उभी होती. तरीही बार नाही. जड गोळी पहिल्यातून बाहेर पडून दुसरीला जखमी करील, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. पंधरा मिनिटे अशीच गेली. माझ्या हातांना घाम सुटला, त्यांचा श्वास एकसारखा. शेवटी मादी सरकली. नराने पुढचा पाय किंचित पुढे टाकला. बार झाला. नर धावला, झाडीपर्यंत पोहोचला नाही, आणि पडला.

आम्ही खाली उतरलो तो अर्ध्या तासाने. म्हातारेबुवांनी तो उभा होता तिथून पडला तिथपर्यंत पावले मोजली. वीस. मग त्यांनी खांद्याचे कातडे सुरीने उघडून मला ती ढाल दाखवली. पांढुरकी, चिवट, माझ्या अंगठ्याहून जाड. तिच्यात एका बाजूने बारीक भोक होते, दुसऱ्या बाजूने अंगठा जाईल एवढे. मला चार नंबरचा छर्रा आठवला. त्या ढालीवर तो म्हणजे मुठीने उधळलेले मोहरीचे दाणे.

इथे वाचकांना एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. हा लेख कोणी मार्गदर्शक म्हणून वाचू नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. त्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायचे तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कोकणातल्या शेतकऱ्याचा राग मला ठाऊक आहे. खाचर लोळवलेले पाहून माणसाला काय वाटते हे मी घरात पाहिले आहे. पण परवानगी हाती आली तरी तिच्यापुढे एक प्रश्न उरतोच, आणि तो लॅनोच्या दुकानदाराने त्या तरुणाला विचारला तोच आहे. काय मारायचे आहे? त्याचे उत्तर नक्की असल्याशिवाय नळीत काही घालू नये. आणि नळीत जे आहे ते त्या जनावरासाठी नसेल, तर चाप ओढू नये.

सुट्टी संपवून मी घरी आलो. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानाने कमी ऐकतात, बोलतात त्याहून कमी. अमेरिकेच्या गमती सांगता सांगता मी त्यांना माचाणावरची ती सकाळ सांगितली. मादी सरकेपर्यंत म्हातारेबुवा थांबले, हेही सांगितले. आप्पा अंगणाकडे पाहत ऐकत होते. मला वाटले, त्यांना नीटसे ऐकू आले नसावे. मी उठणार, इतक्यात त्यांनी विचारले,

"बार लागल्यावर किती पावले गेला?"

"वीस," मी म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "वीस म्हणजे बरे." आणि मग, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच, ते त्या रात्रीविषयी बोलू लागले.